कंकण वाढवलं

मल्हारच्या तेराव्याची पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्यांकडे वळले, आणि ऋतुजाच्या मनगटावरचं यंत्र मधाळ आवाजात बोललं, “अभिनंदन, ऋतुजा! आज तुमचं मन प्रसन्न आहे. तुमच्या बोलण्यात वाढीचे शब्द भरपूर आहेत. अशाच आनंदी राहा!”

मुक्ताच्या हातून पाण्याचा तांब्या निसटता निसटता राहिला. नवरा जाऊन दोन आठवडे झाले नाहीत त्या बाईचं अभिनंदन! अंगणात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवून पाहिलं. ऋतुजानं मनगट ओढणीखाली घेतलं. जसं काही चूक तिचीच होती.

“काढून फेक ते,” मुक्ता म्हणाली.

“काढलं तर विमा बंद होतो ना, ताई,” ऋतुजा म्हणाली आणि आत निघून गेली.

मुक्ता तिथंच उभी राहिली, धुमसत. मल्हार तिचा धाकटा भाऊ. सोलापूर रस्त्यावर एका ट्रकनं त्याला उडवलं. बार्शीच्या बाजारपेठेत त्यांचं, डांगऱ्यांचं, बांगड्यांचं दुकान आहे, पिढीजात कासार ही मंडळी. ते दुकान मल्हार आणि ऋतुजा मिळून चालवत. मल्हार गल्ल्यावर, ऋतुजा बायकांच्या हातात बांगड्या भरायला. तिच्या हाताला अशी नजाकत होती, की अगदी आखूड मापाची बांगडीसुद्धा गिऱ्हाइकाला कळायच्या आत मनगटावर गेलेली असायची. आणि मुक्ता? मुक्ता घरातली शिकलेली. गावातल्याच कॉलेजात मानसशास्त्राच्या पोरापोरींना संशोधनपद्धती शिकवायची. म्हणजे मनगटावरचं हे यंत्र कसं चालतं, हे त्या अंगणात एकट्या तिलाच नीट माहीत होतं. म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंत्राचं नाव कंकण. नाव ठेवणाऱ्याला काय सुचलं असेल ते असो. मनगटावर बसायचं, नाडी मोजायचं, घाम मोजायचं, झोप मोजायचं. पण ह्या सगळ्यापेक्षा त्याची भिस्त होती ती माणसाच्या बोलण्यावर. पुण्याच्या एका संस्थेनं लाखो लोकांचं रोजचं बोलणं गोळा केलं, त्याच लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, आणि कुठल्या शब्दांबरोबर माणूस सुखी असतो नि कुठल्या शब्दांबरोबर दुःखी, हे यंत्राला शिकवलं. त्यातून शंभरपैकी एक आकडा निघायचा. आकड्याला रंग. हिरवा म्हणजे ठणठणीत, पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा, लाल म्हणजे तासाभरात मनःस्वास्थ्य केंद्राची गाडी दारात. राज्यात मनाचे डॉक्टर मूठभर आणि रडणारी माणसं अफाट, तेव्हा सरकारनं सोपा तोडगा काढला. रंग बघायचा आणि रांग लावायची. हिरव्याला केंद्राचं दार बंद.

ऋतुजा हिरवी होती. पार्थिव दारात आलं त्या दिवशीसुद्धा.

का, ते मुक्ताला तिथंच अंगणात कळलं. सकाळपासून भेटायला येणारी प्रत्येक बाई ऋतुजाचे हात बघून विचारत होती, आणि ऋतुजा प्रत्येकीला तेच सांगत होती. “मंगलकाकूंनी बांगड्या वाढवल्या.” “मंगळसूत्र पण वाढवलं.” “दुकान? वाढवलंय की, कोण बसणार?” कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत. अशुभ तोंडातून काढायचं नाही, हे तिथं पोरीला बोलायला यायच्या आधी शिकवतात. फुटली तरी वाढवली, दुकान बंद केलं तरी वाढवलं. आणि यंत्र ऐकत बसलं होतं, वाढ, वाढ, वाढ! किती भरभराट चालली आहे या बाईची!

मंगलकाकू म्हणजे चुलतसासू. विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव झाला होता की सगळीकडे, टाळ्या वाजल्या होत्या. ठराव राहिला कागदावर आणि काकू आल्या घरात. मुक्ता तेव्हा दवाखान्यात कागदपत्रांवर सह्या करत होती, नाहीतर तिनं काकूंचा हात धरला असता. आणि त्याच उघड्या पडलेल्या मनगटावर आता हे कंकण हिरवं चमकत होतं.

दुसऱ्याच दिवशी मुक्ता ऋतुजाला घेऊन तालुक्याच्या मनःस्वास्थ्य केंद्रात गेली. तिथला समुपदेशक प्रणव तरुण होता, वागायला गरीब होता, आणि त्याचं सगळं लक्ष पडद्यावर होतं.

“मॅडम, आकडा चांगला आहे हो. फाइलच उघडत नाही. पिवळा तरी पाहिजे.”

“ही समोर बसली आहे. तिच्याकडे बघ ना एकदा.”

त्यानं बघितलं. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. केसांत फणी नाही, गालांची हाडं वर आलेली.

“जेवता का, ताई?” त्यानं विचारलं.

“जेवते की,” ऋतुजा म्हणाली. कुणी विचारलं तर आपण असंच म्हणतो.

“बघा,” प्रणव सुटल्यासारखा म्हणाला. “आणि मला वाटून काय उपयोग? ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, आपलं वाटणं म्हणजे पूर्वग्रह. यंत्र चुकत नाही, चोवीस तास ऐकतं.”

“ऐकतं? कपाळ माझं! ऐकतं म्हणे!” मुक्ता एवढ्यानं ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. ऋतुजानं तिचा दंड धरला आणि दोघी बाहेर आल्या.

कॉलेजात त्या आठवड्यात नेमका तोच धडा होता. विश्वसनीयता आणि यथार्थता. दर वर्षी मुक्ता तो शांतपणे शिकवायची. यंदा खडूचे तुकडे पडत होते.

“आमच्या दुकानात हाताचं माप घ्यायची एक जुनी कडी होती,” तिनं सांगितलं. “तीच बाई पुन्हा पुन्हा आली तरी दर वेळी अगदी तेच माप दाखवायची. कधी फरक नाही. याला म्हणतात विश्वसनीयता. फक्त एक गंमत होती. कडी वाकलेली होती. दाखवलेलं माप दर वेळी अर्ध्यानं मोठं. बांगडी घातली की बाईच्या कोपरापर्यंत घसरायची. म्हणजे जे मोजायचं ते मोजतच नव्हती. याला म्हणतात यथार्थता नसणं. आता सांगा, अशी कडी सरकारनं गावागावात वाटली तर?”

कुणी हसलं नाही. पोरांच्या सगळ्यांच्याच मनगटांवर कंकण होतं.

“पण मॅडम,” पुढच्या बाकावरची स्वरा म्हणाली, “एवढ्या लाखो लोकांच्या नमुन्यात बांगड्या वाढवलेल्या बायका असणारच ना? त्यांचे आवाज रडवे असणार, शब्द मात्र वाढीचे. हे विचित्र आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं असेलच की.”

मुक्ता फळ्यापाशी थबकली. हा प्रश्न तिला आधी पडायला हवा होता. आणि तो कुणाला विचारायचा, तेही तिला माहीत होतं.

पण त्याआधी लग्नसराईचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं. मुक्तानंच ऋतुजाला बळं बळं दुकानात बसवलं होतं, हाताला काम असलं की मन जरा थाऱ्यावर राहील म्हणून. नवरीची आई, नवरी, मागे दोन मावश्या. हिरव्या चुड्याची पेटी ऋतुजानं पुढे ओढली आणि सवयीनं नवरीचा हात हातात घेतला. आईनं तो झटकन मागे ओढला.

“तसं काही नाही हो,” ती मुक्ताला म्हणाली, ऋतुजाला नव्हे. “शुभकार्य आहे. तुम्ही भरा की चुडा. यांनी नको.”

“ह्या दुकानात चुडा हीच भरते,” मुक्ता म्हणाली. “नको असेल तर बाहेर व्हा. निघा!”

त्या गेल्या. जाताना एक मावशी पुटपुटली ते सगळ्या बाजारानं ऐकलं. ऋतुजा पेटीतल्या बांगड्या एकेक करून परत दोऱ्यात ओवत राहिली.

“दुकान वाढवा, ताई,” ती हळूच म्हणाली. “कायमचं. माझ्या हातून आता कोण घेणार?”

“व्यवसाय वाढवण्याचा विचार उत्तम आहे, ऋतुजा!” कंकण किणकिणलं.

मुक्ता त्याच दुपारी पुण्याला निघाली.

डॉक्टर निरंजन सबनीस म्हणजे कंकणाचे कर्ते, आणि मुक्ताचे गुरू. तिची पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली झालेली. आकडेवारी खेळकरपणे कशी शिकवायची, हे ती त्यांच्याकडूनच शिकली. त्यांनी तिला स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला, भावाबद्दल ऐकून खरोखर हळहळले. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

“वाढवणे. हो, हो. प्रादेशिक वापर आहे तो,” ते म्हणाले. “नमुन्यात आल्या होत्या अशा नोंदी. आवाज खचलेला, शब्द सकारात्मक. दोन्हींचा मेळ बसेना. मग नियमाप्रमाणे विसंगत नोंदी म्हणून वगळल्या. डेटा साफ करावाच लागतो, मुक्ता, तुला काय सांगायचं? काही लोक थट्टा करतात, काही खोटं बोलतात.”

“त्या थट्टा करत नव्हत्या, सर. त्यांचे नवरे मेले होते.”

“टक्केवारी अगदी किरकोळ होती.”

“असणारच. पण वगळलंत कुणाला? ज्या बायकांसाठी हे यंत्र पाहिजे होतं, नेमक्या त्यांनाच! तुमच्या यंत्रानं आयुष्यात एक विधवा ऐकलेली नाही. मग ते म्हणणारच, सगळ्या सुखात आहेत!”

सबनिसांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या आवृत्तीत बघू. तसे आणखीही शब्द आहेत. येते आणि जाते, उदाहरणार्थ. निघताना कुणी येते म्हणतं, अर्थ जाते असाच. आम्ही दोन्ही एकाच खान्यात घातले, निरोप म्हणून. गोंधळच नको.”

“सर, एवढं करा. माझ्या भावजयीच्या नोंदीला तुमच्या सहीनं लाल करा. तुम्हाला अधिकार आहे. केंद्र दार उघडेल.”

“एका नोंदीसाठी? तू शिकवतेस ना पोरांना? एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. नमुना एकचा कधी असतो का?”

“माझा एकचाच आहे,” मुक्ता म्हणाली. तिला घरात दुसरी ऋतुजा नव्हती. चहा तसाच ठेवून ती उठली.

बार्शीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून उन्हं तापली होती. दार लोटलेलं होतं. ऋतुजा ओट्यापाशी उभी राहून भांडी पालथी घालत होती. सगळं घर लख्ख आवरलेलं, दुकानाच्या किल्ल्या खुंटीवर. मुक्ताला बघून ती किंचित हसली, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. मुक्ताला बरंच वाटलं. ती हातपाय धुवायला मोरीत गेली, चेहऱ्यावर पाणी मारलं, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली.

“जाते मी, ताई.”

मुक्ताच्या हातातला तांब्या या वेळी खरंच पडला.

जाते! ह्या घरात कुणी जाते म्हणत नाही. भाजी आणायला निघालेलं पोरसुद्धा येतो म्हणतं. चुकून कुणी जातो म्हणालं तर आई दारातून परत बोलवून, येतो म्हणायला लावून मग सोडायची. ऋतुजा लग्न होऊन आली तेव्हापासून हजारदा उंबरा ओलांडला असेल तिनं, पण हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नव्हता. मुक्ता ओल्या पायांनी धावली, घसरली, उठली. गल्लीच्या तोंडाशी तिनं ऋतुजाचं मनगट पकडलं. पायांत चपला नव्हत्या, हातात पिशवी नव्हती, आणि बोटांखाली ते कंकण गार लागत होतं. हिरवं.

“कुठं निघालीस?”

मुक्तानं तिला घरात आणलं, दाराला आतून कडी घातली, तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर बसली. तिला नुसता राग येत होता. मंगलकाकूंवरचा राग, त्या नवरीच्या आईवरचा, सबनिसांवरचा, ट्रकवाल्यावरचा. आणि थोडा मल्हारवरचासुद्धा, गेला म्हणून.

“ऐक माझं,” ती म्हणाली. “मी सांगते तसं बोल. एकेक शब्द. मी दुःखी आहे.”

“काय?”

“म्हण. मी दुःखी आहे.”

“असं कुणी बोलतं का, ताई?”

“कुणी बोलत नाही! पण ह्या मेल्याला दुसरी भाषा कळत नाही. म्हण!”

“मी… दुःखी आहे.” शाळेतलं पोर धडा वाचतं तसं.

“माझ्या पतीचा मृत्यू झाला आहे.”

ऋतुजाचे ओठ हलले, आवाज येईना. मल्हार गेला, मल्हार देवाघरी गेला, हे आमचे सोडून गेले, असं सगळं ती बोलली होती. हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

“माझ्या पतीचा मृत्यू झाला आहे,” ती म्हणाली. हिरवा रंग फिका झाला, पिवळा झाला.

“मला जगण्याची इच्छा नाही.”

“ताई…”

“खोटं असेल तर म्हणू नकोस.”

ऋतुजानं मनगटाकडे बघितलं. मग ऋतुजानं ते म्हटलं. सगळं वाक्य नीट, सुटं सुटं म्हटलं, आणि शेवटच्या शब्दावर तिचा बांध फुटला. तेराव्याला, स्मशानातून माणसं परत आली तेव्हा, कधीच आलं नव्हतं असं रडू आलं तिला. ती मुक्ताच्या मांडीत कोसळली. कंकण लालभडक झालं, किंचाळायला लागलं, आणि तासाभरात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी गाडी दारात उभी राहिली. गाडीतून सगळ्यात आधी प्रणव उतरला.

ऋतुजाला नेल्यावर तिच्या मनगटावरून उतरवलेलं ते यंत्र मुक्ताच्या हातात राहिलं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं, स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि हात दुखेपर्यंत हाणला.

सकाळी सबनिसांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“बघितलंस? लाल! वेळेवर! तू उगाच त्रागा करून गेलीस. मुंबईच्या परिषदेत मी हीच केस मांडतोय, कंकणानं वाचवलेला जीव. तुझं नाव माझ्या जोडीला घालतो. विभागप्रमुखपदासाठी उपयोगी पडेल तुला.”

गप्प बसता आलं असतं. ऋतुजाला खाट मिळाली होती, डॉक्टर मिळाली होती. नोकरी शाबूत होती.

“सर, ती वाक्यं मी सांगितली. तिनं माझ्यामागून म्हटली.”

मग सर गुरूच्या नव्हे, अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे तू डेटा दूषित केलास. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या बाईनं! कारवाई होईल, कळतंय ना? आणि ही नोंद मला वगळावी लागेल.”

“वगळा की! त्यातच तर तुमचा हात बसलाय. नोंद वगळा, बाई जिवंत आहे. आणि दूषित म्हणजे काय हो? त्यातलं एक वाक्य खोटं नव्हतं. तिचंच दुःख मी फक्त तुमच्या मराठीत करून दिलं. परिषदेत मांडायचं असेल तर हे मांडा. नाहीतर मी येऊन मांडते.”

“ते यंत्र ताबडतोब केंद्रात जमा कर.”

“नाही जमायचं, सर. ते वाढवलं.”

वाढवलं म्हणजे नवं घेतलं का, असं सबनिसांनी विचारलं नाही. प्रादेशिक वापर म्हणाले नाहीत. शब्द त्यांना पुरता कळला, कारण त्यांचीही आई बांगड्या घालणारीच होती. म्हणजे आधीही कळतच होतं. मुक्तानं फोन ठेवला तेव्हा तिचा हात अजून ठणकत होता.

पुढे नोटीस आली, चौकशी लागली, वर्गाला दुसरंच कुणी शिकवू लागलं. स्वरानं आणि तिच्या मैत्रिणींनी गावातल्या बायकांकडे बसून वाढवलं, येते असले शब्द गोळा करायला घेतले. चौकशीला उत्तर म्हणून तेच द्यायचं, असं मुक्तानं ठरवलं. तोवर ती दुकानात बसायची, पण बांगड्या भरताना तिच्या हातून मोडायच्या फार, आणि गिऱ्हाइकं तिला हसायची.

इस्पितळात ती रोज संध्याकाळी जायची. डॉक्टर बाई म्हणायच्या, ऋतुजा आता बोलते. कधी रडते, कधी मल्हारला शिव्यासुद्धा घालते. एके दिवशी मुक्ता गेली तेव्हा तिनं स्वतःहून केस विंचरले होते. भेटीची वेळ संपली, मुक्ता उठली.

“येते गं.”

“या,” ऋतुजा म्हणाली. मुक्ता दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून हाक आली. “ताई, ते चुड्याचं माप तुम्हाला जमत नाही म्हणे. सगळा बाजार सांगतोय.”

“मग? करायचं काय?”

“दुकान वाढवू नका,” ऋतुजा म्हणाली. “मी येते.”